शिक्षकांचं कामाचं वर्ष वाढवायचं म्हणजे नेमकं काय? बडोद्यातल्या सरकारी आणि समितीच्या शाळांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा आला की कुणीतरी म्हणतंच, "मास्तरांची वेकेशन कमी करा, मुलं आपोआप सुधारतील." या वाक्यातलं "आपोआप" कुठे अडतं, ते खालच्या उत्तरांत आहे. ही उत्तरं शाळा व्यवस्थापन समितीवरच्या पालकांना, मुख्य शिक्षकांना आणि ज्यांच्या सेवापोथीत हे दिवस नोंदले जाणार किंवा नोंदायचे राहणार आहेत, त्या शिक्षकांना उपयोगी पडावीत.

"कामाचं वर्ष" म्हणजे नक्की कोणते दिवस?

यात तीन वेगळ्या मोजण्या आहेत आणि बहुतेक भांडणं त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. पहिली मोजणी शाळा उघडी असल्याच्या दिवसांची, दुसरी प्रत्यक्ष शिकवण्याच्या दिवसांची आणि तिसरी शिक्षक कामावर असल्याच्या दिवसांची.

शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस व १००० तास दिले आहेत. शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास आहेत, त्यात तयारीचा वेळ धरलेला आहे. गुजरात माध्यमिक मंडळाच्या २०२४-२५च्या कॅलेंडरात पहिलं सत्र १०८ आणि दुसरं १३५, असे मिळून २४३ दिवस होते. म्हणजे कागदावर कायद्याच्या किमान आकड्यापेक्षा दिवस जास्तच भरतात.

गळती पुढच्या पायरीवर होते. २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेच हिशेब मांडलाय की, २२० दिवसांतले साधारण २० परीक्षांत आणि २० कार्यक्रमांत जातात, शिकवायला उरतात १८०. म्हणून कुणी "वर्ष वाढवा" म्हटलं की पहिला प्रश्न हा विचारावा: तिन्हींपैकी कोणतं?

पण शिक्षकांना तीन महिने सुट्टी असतेच ना?

नाही. गुजरातेत दिवाळीची वेकेशन २१ दिवस आणि उन्हाळ्याची ३५, एकूण ५६. त्यात आठ रविवार येतात, ते वजा केले तर ४८ उरतात.

आता शेजारच्या सरकारी कचेरीशी तुलना करा. तिथे वर्षाला ३० दिवस अर्जित रजा (इथल्या फायलींत "प्राप्त रजा") जमा होते, शिवाय दुसरा आणि चौथा शनिवार बंद, म्हणजे आणखी चोवीसच्या आसपास. बेरीज चोपन्नच्या घरात जाते. शाळेचा शनिवार अर्धा असला तरी हजेरीचा असतो. कचेरीतल्या माणसाची रजा साठते आणि निवृत्तीला तिचे पैसे होतात, वेकेशन मात्र घेतली नाही तर वाफ होऊन जाते. कचेरीतल्या माणसाला रजा मागावी लागते, शिक्षकाला मागावी लागत नाही, हा शिक्षकाचा फायदा खराच. पण "तीन महिने" हे निव्वळ ओट्यावरचं गणित आहे.

कॅलेंडर ठरवतं कोण? आपली शाळा स्वतः दिवस वाढवू शकते का?

पहिली ते आठवीचं कॅलेंडर राज्याच्या प्राथमिक शिक्षण खात्याकडून येतं, नववी ते बारावीचं मंडळाकडून. महापालिका हद्दीतल्या प्राथमिक शाळा नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या, आणि तिथे प्रशासनाची सही शासनाधिकाऱ्यांची. एकटी शाळा शिक्षकांची वेकेशन कापू शकत नाही. ऐच्छिक उन्हाळी वर्ग भरवता येतील, पण ते "कामाचे दिवस" म्हणून मोजले जाणार नाहीत.

वेकेशन दहा दिवसांनी कमी केली तर शिक्षकांना बदल्यात रजा मिळते ना?

आदेश कसा लिहिलाय त्यावर ते ठरतं. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून हे उत्तर लांब आहे.

वेकेशन ही रजा नाही. जुन्या मूलभूत नियमांपैकी ८२ क्रमांकाच्या नियमात वेकेशनचा काळ कर्तव्यातच धरला आहे. मात्र त्या बदल्यात वेकेशन विभागातल्या (जिथे ठरावीक वेकेशन मिळते अशा) कर्मचाऱ्याला पूर्ण ३० दिवसांची अर्जित रजा मिळत नाही. केंद्रीय रजा नियमांतला (१९७२) नियम २८ सांगतो की, वर्षाला १० दिवस अर्जित रजा जमा होते, आणि वेकेशनचा काही भाग उपभोगता आला नाही तर त्यावर २० दिवसांच्या प्रमाणात जादा रजा. केंद्रीय विद्यालयाच्या शिक्षकांना हा नियम थेट लागतो. राज्याच्या शिक्षकांनी गुजरातच्या २००२च्या रजा नियमांतली वेकेशन विभागाची तरतूद काढून अंतिम आकडा तिथूनच घ्यावा. खालची उदाहरणं केंद्रीय सूत्राची आहेत:

जादा रजा = २० × (न मिळालेले वेकेशनचे दिवस) ÷ (पूर्ण वेकेशन)

समजा पूर्ण वेकेशन ५६ दिवसांची आहे आणि शिक्षकाला लेखी आदेशाने त्यातले १० दिवस बोलावलं. २० × १० ÷ ५६ = ३.५७ दिवस जादा रजा जमा. बारा दिवस बोलावलं तर ४.२९.

आता तेच दहा दिवस दुसऱ्या वाटेने काढू. आदेशात "बोलावलं" असा शब्दच नाही, नवीन कॅलेंडरातच वेकेशन ४६ दिवसांची जाहीर केली आहे. शिक्षकाने ४६ दिवस घेतले, म्हणजे पूर्ण वेकेशन उपभोगली. जादा रजा शून्य! शाळेत दिवस तितकेच गेले, कामही तितकंच झालं, फक्त भागाकारातला खालचा आकडा बदलला.

पैशात बघायचं तर असं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून समजा महिना ९०,००० रुपये, म्हणजे दिवसाला ३,०००. दर वर्षी ३.५७ दिवस वीस वर्षं साठले आणि वापरले नाहीत तर सुमारे ७१ दिवस होतात. वर्षाचे दहा-दहा दिवस धरूनही रोखीकरणाची ३०० दिवसांची कमाल मर्यादा ओलांडत नाही, तेव्हा आजच्या दराने २ लाख १३ हजार. "बोलावलं" आणि "जाहीर केली" या दोन क्रियापदांमधलं अंतर एवढं आहे.

आणखी एक खाच. केंद्रीय नियमात असंही आहे की, आदेशामुळे पंधरापेक्षा जास्त दिवसांची वेकेशन बुडाली तर ती वेकेशन अजिबात उपभोगली नाही असं मानायचं. मग हिशेबात सोळा दिवस नव्हे, ती पूर्ण वेकेशन धरली जाते. एखादा आदेश बरोबर पंधरा दिवसांवर थांबलेला दिसला तर नवल वाटू देऊ नका.

मग वेकेशनच काढून टाकून सगळ्यांना ३० दिवस रजा दिली तर?

हा सरळ मार्ग आहे. काही शिक्षकांना तो आवडेलही. पण तीस दिवस प्रत्येक जण वेगवेगळ्या वेळी मागणार, आणि सहा शिक्षकांच्या शाळेत त्याचा अर्थ वर्षाला १८० शिक्षक-दिवस कुणीतरी दुसऱ्याचा वर्ग सांभाळणं. बदली शिक्षकांची यादी तयार नसेल तर मुलांच्या पदरी वाढीव दिवस पडतील आणि जोडवर्गही पडतील.

दिवस वाढले तर पगार वाढतो का?

आपल्याकडे नाही. पगार मासिक आहे, बारा महिन्यांचा आहे, वेकेशनचाही मिळतो. म्हणूनच इथली भरपाई रजेच्या रूपात मागावी लागते.

अमेरिकेतल्या बातम्या वाचून हा प्रश्न येतो, कारण तिथे करार दिवसांत असतो. टेक्ससमध्ये शिक्षकाचा दहा महिन्यांचा करार किमान १८७ दिवसांचा आहे. वार्षिक पगार समजा ५६,१०० डॉलर, तर दिवसाचे ३००, आणि पाच दिवस वाढवले तर १,५०० डॉलर जास्त, असा हिशेब तिथे मागता येतो. १९८३ साली "अ नेशन ॲट रिस्क" या अहवालाने शाळेचं वर्ष २०० ते २२० दिवसांचं करा, शिक्षकांना ११ महिन्यांचा करार द्या, अशी शिफारस केली होती. तिथे अकरा महिने म्हणजे बढती. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार म्हटलं की काय आठवतं, ते पुढच्या उत्तरात.

विद्यासहायक आणि ज्ञानसहायक यांचं काय?

विद्यासहायक, म्हणजे नव्याने नेमलेले प्राथमिक शिक्षक, सुरुवातीची पाच वर्षं ठरावीक पगारावर असतात. त्यांना लागू असलेल्या रजा नियुक्तीच्या ठरावात लिहिलेल्या असतात, वर दिलेलं सूत्र त्यांना परस्पर लावू नका. ज्ञानसहायक हे कंत्राटी शिक्षक, २०२३पासून ११ महिन्यांच्या करारावर आहेत. वाढवलेले दिवस कराराच्या मुदतीबाहेर पडले तर त्या दिवसांना ना पगार, ना अपघाताची जबाबदारी. त्यांना बोलावायचं असेल तर आधी मुदत वाढवा, मग वेळापत्रकात नाव घाला.

सुट्टीत मतदारयादीचं काम करावं लागतं. तेही "कामाचं वर्ष" धरायचं का?

धरायलाच हवं. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला जुंपायला मनाई करतं, पण त्याला तीन अपवाद आहेत: दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण, आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसदेच्या निवडणुका. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७मध्ये सेंट मेरीज शाळेच्या खटल्यात सांगितलं की, मतदारयादीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि बिगरअध्यापनाच्या दिवशी द्यावं, शिकवण्याच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेत सहसा देऊ नये.

या निकालामुळे मुलांचे तास वाचतात. पण बारकाईने वाचा: वाचलेले तास शिक्षकाच्या रविवारातून आणि वेकेशनमधून येतात. म्हणजे कुठलाही ठराव न होता शिक्षकाचं वर्ष लांबलेलंच आहे. बूथ लेव्हल अधिकाऱ्याचं (एका मतदान केंद्राची मतदारयादी सांभाळणाऱ्याचं, बहुधा शिक्षकच) वार्षिक मानधन निवडणूक आयोगाने २०२५मध्ये ६,००० वरून १२,००० रुपये केलं, महिन्याचे हजार. ४ नोव्हेंबर २०२५पासून गुजरातेत मतदारयादीचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं. पुढे जनगणना: घरयादीचं काम एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात, आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७मध्ये, म्हणजे ऐन बोर्डाच्या परीक्षांच्या तोंडावर.

आमचं मत स्पष्ट आहे. नवे दहा दिवस मागण्याआधी मागच्या वर्षी किती शिक्षक-दिवस वर्गाबाहेर गेले, ते शाळेच्या हजेरीपत्रकावरून आणि मूव्हमेंट रजिस्टरवरून (कामासाठी बाहेर गेल्याच्या नोंदवहीवरून) मोजा. मुख्य शिक्षकाचं हे दोन तासांचं काम आहे. १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात सयाजीरावांनी सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा मुलांना शाळेत आणणं ही अडचण होती. आता मुलं येतात, मास्तर यादी घेऊन सोसायटीत फिरत असतात.

दिवस वाढवल्याने मुलं खरंच जास्त शिकतात का?

थोडं शिकतात, जर त्या दिवसांत शिकवलं गेलं तर. उलट्या बाजूचं चांगलं उदाहरण पश्चिम जर्मनीचं आहे. शालेय वर्षाची सुरुवात वसंतातून शरदात नेण्यासाठी १९६६-६७मध्ये अनेक राज्यांत दोन तोकडी वर्षं घेतली, ३७ आठवड्यांऐवजी साधारण २४. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्या मुलांत नापास होऊन त्याच वर्गात बसण्याचं प्रमाण वाढलं, पण मोठेपणच्या कमाईत फरक पडला नाही. म्हणजे दिवसांना किंमत आहे, चमत्कार नाही.

शिकागोचं उदाहरण प्रशासनाने वाचावं. २०१२मध्ये तिथे वर्ष १७० वरून १८० दिवसांवर आणि प्राथमिक शाळेचा दिवस पावणेसहा तासांवरून सात तासांवर नेला. त्याच वर्षी सप्टेंबरात शिक्षकांचा संप झाला आणि शाळेचे सात दिवस बुडाले. त्याआधी जुलैत दिवसाच्या लांबीवर तोडगा निघाला होता, तो असा: पावणेपाचशेच्या आसपास जादा शिक्षक घ्यायचे, म्हणजे मुलांचा दिवस लांबेल पण आहे त्या शिक्षकांचा फारसा लांबणार नाही. मुलांचं वर्ष आणि शिक्षकाचं वर्ष एकाच मापाने वाढवावं लागत नाही.

वाढीव दिवस कधी ठेवावेत?

मे महिन्यात नको. बडोद्यात एप्रिलपासूनच शाळा सकाळच्या होतात. पत्र्याच्या वर्गात अकरानंतर बसवत नाही. शिवाय दाहोद-छोटाउदेपूरकडून बांधकामावर आलेली कुटुंबं होळीला गावी जातात आणि बरीच लवकर परतत नाहीत. त्या मुलांसाठी एप्रिल-मेचे दहा दिवस कागदावरच राहतात.

सणांशी अदलाबदल करूनही फार काही हाती लागत नाही. २०१८मध्ये राज्याने नवरात्रीची वेकेशन दिली आणि ते दिवस दिवाळीतून कापले. पुढच्याच वर्षी ती रद्द झाली. एकूण दिवस वाढलेच नव्हते, फक्त सत्राचे दोन तुकडे झाले होते. गणपतीत दांडिया बाजार-रावपुऱ्याकडची हजेरी किती रोडावते, हे वर्गशिक्षकांना विचारून घ्या आणि त्या आठवड्यात चाचणी ठेवू नका.

आमची पसंती जूनला. शाळा उघडण्याआधीचे चार-पाच दिवस फक्त शिक्षकांचे: वर्गवार मुलांच्या मागच्या नोंदी वाचणं, पुस्तकवाटप, वेळापत्रक, प्रवेशोत्सवाची तयारी. आज हेच काम उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात होतं आणि तेव्हा मुलं नुसती बसून असतात. शिक्षकांचे पाच दिवस वाढवून मुलांचे सात-आठ दिवस वाचतात.

दिवस वाढवण्यापेक्षा रोजची वेळ वाढवली तर?

रोज १० मिनिटं, २२० दिवस, म्हणजे २,२०० मिनिटं, साधारण पावणेसदतीस तास. सहावी ते आठवीचे १००० तास २२० दिवसांत बसवायचे तर रोजचे साडेचार तास लागतात. त्या मापाने हे आठ दिवस झाले. वेकेशनला हात न लावता.

अडचण एकच आणि ती मोठी आहे. एकाच इमारतीत दोन पाळ्या असतील तर सकाळच्या पाळीची दहा मिनिटं दुपारच्या पाळीच्या दारात उभी राहतात. तिथे पाळ्यांमधलं अंतर किती ते आधी मोजा. वीस मिनिटांपेक्षा कमी असेल तर हा मार्ग सोडा.

पगाराशिवाय कोणता खर्च येतो?

मुख्यतः जेवणाचा. पीएम पोषणच्या मापाने पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य. समजा शाळेत १८० लहान आणि १२० मोठी मुलं आहेत. दहा दिवसांना १८० + १८० = ३६० किलो धान्य, आणि वर भाजी-डाळ-तेल-इंधनाचा खर्च वेगळा. हे वाटप आधीच ठरलेल्या दिवसांच्या हिशेबाने येतं. आदेश मार्चमध्ये निघाला आणि धान्याची मागणी गेलीच नाही, तर वाढीव दिवशी जेवण नाही, आणि जेवण नाही तर दुपारनंतर अर्धा वर्ग नाही. फक्त शिक्षकांचे दिवस वाढवले तर हा खर्च येत नाही.

पावसाने बुडालेले दिवस भरून काढावेच लागतात का?

किमान दिवस आणि तास भरत असतील तर कायद्याचा अडसर येत नाही. पण ३१ जुलै २०१९चा पाऊस किंवा ऑगस्ट २०२४चा विश्वामित्रीचा पूर, अशा वेळी शाळा बंद राहतात, काही इमारतींत नंतर गाळ काढण्यात दिवस जातात. कॅलेंडर करतानाच दोन-तीन राखीव दिवस ठेवावेत, शक्यतो दुसऱ्या सत्रातल्या शनिवारांना पूर्णवेळ करून. ऐनवेळी रविवार मागितले की हजेरी पडते.

वेकेशनमधलं प्रशिक्षण मोजलं जातं का?

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. रोजचे सहा तास धरले तर साधारण सव्वाआठ दिवस. ते वेकेशनमध्ये आणि आदेशाने झाले तर रजेच्या हिशेबात यायला हवेत. घरून फोनवर केलेले ऑनलाइन तास मात्र सहसा कुठेच चढत नाहीत, म्हणून शक्य तिथे हजेरीचं प्रशिक्षण मागा.

शाळा व्यवस्थापन समितीने प्रस्ताव द्यायचा असेल तर काय लिहावं?

समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणं तिचं कायदेशीर काम आहे, तेव्हा ठराव त्यातच घ्या. एका पानात बसवा. मागच्या वर्षी वर्गाबाहेर गेलेले शिक्षक-दिवस, कारणानुसार. हवे असलेले दिवस, तारखांसह. त्या दिवसांत कोणत्या इयत्तेला काय शिकवणार ("उजळणी" एवढंच लिहू नका, तिसरीला हातच्याची वजाबाकी, पाचवीला परिच्छेदवाचन असं लिहा). जेवणाची मागणी. आणि शेवटी हे वाक्य हवंच: या दिवसांसाठी शिक्षकांना वेकेशनमधून लेखी आदेशाने बोलावण्यात यावं व नियमानुसार रजा जमा करण्यात यावी. सीआरसी (शाळांच्या समूहाचं साधन केंद्र) समन्वयकामार्फत शासनाधिकाऱ्यांकडे पाठवा, पोच घ्या. डिसेंबरच्या आत दिलात तर पुढच्या कॅलेंडरात विचार होण्याची शक्यता असते, एप्रिलमध्ये दिलात तर फायलीत जातो.

व्हॉट्सॲपवर "उद्यापासून पाच दिवस हजर राहा" असा निरोप आलाय. जावं का?

जा, पण त्याच दिवशी मुख्य शिक्षकांकडे लेखी आदेशाची मागणी द्या आणि प्रत जवळ ठेवा. केंद्रीय नियमानुसार वरिष्ठांचा सर्वसाधारण किंवा विशेष आदेश नसेल तर वेकेशन उपभोगली असंच मानलं जातं, तुम्ही रोज शाळेत होता तरी. आदेश, रोजच्या सहीचा उतारा आणि कार्यमुक्तीचा दाखला हे तीन कागद जोडून शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांत रजा जमा करण्याचा अर्ज करा. सेवापोथीतली नोंद डोळ्यांनी बघा, तारीख आणि सही दोन्ही. निवृत्तीच्या वेळी वीस वर्षांपूर्वीचा व्हॉट्सॲप निरोप कुणी मान्य करत नाही.